नऊपैकी सात टोमॅटो आजारी, त्यातली तीन बाबांच्या बियांची. कृपया मदत करा

साताऱ्याची_लेक | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

नमस्कार. मदत तातडीने हवी आहे, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

धायरीला चौथ्या मजल्यावर आमची गच्ची आहे. ऊन सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत. सप्टेंबरच्या शेवटी नऊ ग्रो बॅगांमध्ये टोमॅटो लावले. ४ ते ९ नंबरची रोपं रोपवाटिकेतून आणलेली, संकरित. १, २ आणि ३ मात्र घरच्या बियांची आहेत. माझे वडील गावी परसात एक गावठी टोमॅटो लावायचे. चपटा, खाचा पडलेला, पातळ सालीचा आणि चांगला आंबट. सारासाठी आमच्याकडे दुसरा टोमॅटो चालतच नसे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा त्यांचं कपाट आवरताना राखेत घोळवलेल्या बियांची पुडी सापडली. वीस-बावीस बिया होत्या, सगळ्या पेरल्या, तीनच उगवल्या. पुडी आता रिकामी आहे. जे काही उरलंय ते या तीन झाडांत.

तक्रारी नंबरवार सांगते. फोटो जोडले आहेत.

१ नंबरची खालची पानं सुरळीसारखी वर वळली आहेत, हाताला जाड लागतात, तीन-चार पिवळी पडली. २ नंबरची शेंड्याकडची पानं बारीक, वाटीसारखी, कडा पिवळ्या. तीन आठवडे झाड वाढलेलंच नाही आणि फुलं गळतात. ३ नंबर दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरायचं. आता दोन दिवस संध्याकाळीही नीट सावरत नाही. ५ आणि ६ वर फळं धरली आहेत, पण हिरव्या फळांच्या बुडाला काळपट, चामड्यासारखा डाग. ७ च्या पानांवर कोरडे चट्टे. ८ अगदी २ सारखंच. ४ आणि ९ ठीक दिसतात.

माती म्हणजे लाल माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), साधारण सारखंच प्रमाण. पाणी रोज सकाळी दोन मग. आतापर्यंत अंड्याची टरफलं, दोनदा एप्सम सॉल्ट आणि गेल्या रविवारी निंबोळी तेल दिलं.

हा कोणता रोग आहे? ही तीन झाडं तरी वाचवायची आहेत.

---

हिरवा_कोपरा | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.४५

पानं वळली म्हणजे व्हायरस. सरळ इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारा, सगळ्या झाडांवर, आठ दिवसांनी परत. माझ्या मिरचीला गुण आला होता.

---

कोथरूडची_गच्ची | १४ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

थांबा, घाईने काही मारू नका. निंबोळी तेल किती घेतलं, कधी फवारलं, सोबत काय मिसळलं? आणि कोकोपीटची वीट भिजवून तशीच वापरलीत की धुतलीत?

---

साताऱ्याची_लेक | १४ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

तेल लिटरला २० मिली. भांडी घासायचं लिक्विड दोन चमचे. दुपारी बाराच्या सुमारास, कारण रविवारी तेव्हाच वेळ मिळाला. ७ नंबरवर जास्त बसलं, सुरुवात तिथून केली होती. कोकोपीट धुतलं नाही, पाण्यात फुगवलं आणि मिसळलं.

---

निफाडचा_शेतकरी | १४ नोव्हेंबर, दुपारी १.१५

ताई, फोटो मोठे करून पाहिले. मी दोन एकरावर टोमॅटो करतो, पिंपळगावला माल जातो. गच्चीचा अनुभव मला नाही, पण झाड तेच आहे.

पहिली गोष्ट, "हा कोणता रोग" असं विचारू नका. तुमच्याकडे एक रोग नाही, मला तरी चार-पाच वेगळी दुखणी दिसतात आणि त्यातली दोन रोगच नाहीत. सगळ्यांवर एकच औषध मारलं तर ज्याला त्याची गरज नाही ते झाड आणखी खराब होईल. एकेक झाड घेऊ.

२ आणि ८ हा पर्णगुच्छ, म्हणजे लीफ कर्ल व्हायरस. ओळखायचं असं की दुखणं शेंड्याकडून आहे. नवीन पान लहान येतं, वर वळतं, कडेने पिवळं पडतं, पेरं आखूड होतात आणि झाड झुडपासारखं बसतं. हा विषाणू पांढरी माशी आणते. झाडाला हात लावून हलवा, पांढरे ठिपके उडताना दिसतील. माशीला विषाणू सोडायला अर्धा तासही पुरतो आणि लक्षण दिसायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून हिरवा_कोपरा म्हणतात त्या औषधाने माशी मरेल, झाडात शिरलेला विषाणू मरणार नाही. त्यावर औषधच नाही. शिवाय ते झाडाच्या अंगात भिनणारं औषध आहे, ५ आणि ६ वर फळं धरलीत, फुलांवर मधमाशा येत असतील. घरच्या खाण्याच्या झाडावर मी ते मारणार नाही.

२ आणि ८ काढावी लागतील. २ तुमच्या वडिलांच्या बियांचं आहे हे वाचलं, म्हणून हे लिहिताना मलाही जड जातंय. पण ते ठेवलं तर माशी त्याच्यावरून उठून १ आणि ३ वर बसेल. काढताना आधी झाडावर मोठी प्लास्टिक पिशवी अलगद घाला, तोंड बांधा, मग बुडातून कापा. नाहीतर उपटताना सगळ्या माशा उडून शेजारच्या झाडांवर जातात.

१ ला व्हायरस नाही. फरक बघा: खालची, जुनी पानं वळली आहेत, शेंडा चांगला हिरवा आहे, पान लहान झालेलं नाही, नुसतं लांबीला गुंडाळलंय आणि चामड्यासारखं जाड झालंय. हे पाणी जास्त झाल्याचं किंवा ऊन-पाण्याच्या ताणाचं लक्षण. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, त्यात रोज दोन मग. मुळांना हवा नाही. पाणी थांबवा. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. जमिनीत आम्ही वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी ओल बघतो, तोच कुंडीतही बघायचा. वळलेली पानं सरळ होणार नाहीत, त्याची काळजी नको. नवीन पान कसं येतं ते बघा.

५, ६ उद्या सांगतो, पिंपळगावला गाडी भरायची आहे. ३ ची मला खरी काळजी वाटते. कोकणातलं कोणी असेल तर त्यांनी बोलावं, मर, म्हणजे झाड कोमेजून मरण्याचा रोग, त्यांच्याकडे जास्त.

---

तासगावची_बाग | १४ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

एक शंका आधी दूर करून घ्या. फवारणीचा पंप किंवा बाटली कोणाकडून मागून आणली होती का? आमच्या भागात उसात तण मारायला टू-फोर-डी वापरतात. तोच पंप नीट न धुता वापरला तर टोमॅटो आणि द्राक्ष दोन्ही वाकडी होतात. द्राक्षबागायतदार त्या औषधाचं नाव निघालं तरी धसका घेतात. त्यात पान पट्टीसारखं अरुंद होतं, शिरा समांतर धावतात, देठ पिळवटतं. पुष्कळ जण त्यालाच व्हायरस समजून झाडं उपटतात.

---

साताऱ्याची_लेक | १४ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

बाटली नवी होती. आणि २ व ८ ची पानं फवारणीच्या आधीपासूनच अशी आहेत. पान अरुंद पट्टीसारखं नाही, वाटीसारखंच आहे. झाड हलवल्यावर पांढऱ्या माशा उडाल्या, बऱ्याच.

---

तासगावची_बाग | १४ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

मग निफाडकरांचं बरोबर आहे. आजच काढा.

---

कुडाळचं_परसू | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.५०

३ नंबरबद्दल लिहितो. सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यात टोमॅटोचा पहिला शत्रू म्हणजे जिवाणूजन्य मर. पान पिवळं न पडता, हिरवं असतानाच झाड मान टाकतं आणि चार-सहा दिवसांत संपतं. आमची आम्लधर्मी माती आणि दमट हवा त्याला मानवते. मी सलग तीन वर्षं झाडं घालवली, मग वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम करायला शिकलो. वांग्याचं मूळ हा रोग चांगला सोसतं.

पण तुमचं झाड तोच रोग दाखवतंय असं ठामपणे म्हणता येणार नाही. मान टाकण्याची तीन कारणं तरी तपासायला हवीत आणि तुमच्या बाबतीत त्यावर सगळं अवलंबून आहे. कारण रोग खोडात असेल तर त्या झाडाचा एकही भाग पुढे वापरता येणार नाही. दुखणं नुसतं मुळात असेल तर शेंडा वाचवता येईल.

ग्लासची परीक्षा करा. बुडाजवळची एक जाड फांदी स्वच्छ ब्लेडने कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, हलवू नका. फांदीचं कापलेलं टोक पाण्याला जेमतेम टेकेल असं धरून ठेवा. जिवाणू असले तर पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधाच्या धारेसारखा पांढरट धागा खाली उतरतो. मागे काळा कागद धरा, स्पष्ट दिसतं. खरं तर खोडाचा बुडाचा तुकडा घेतला तर परीक्षा जास्त खात्रीची, पण झाड आत्ताच कापायला लावत नाही.

दुसरं, तीच फांदी उभी चिरा. सालीच्या आतली रेष तपकिरी असेल तर बुरशीची मर, म्हणजे फ्युजॅरियम. त्यात बहुतेक वेळा झाडाच्या एका बाजूची पानं आधी पिवळी पडतात.

दोन्ही नसेल तर पिशवीची माती कडेने उकरा आणि मुळं बघा. ३ ची माती बाकीच्यांसारखीच आहे का?

---

साताऱ्याची_लेक | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.००

काल रात्री दिव्याच्या उजेडात २ नंबर काढलं. पिशवी बांधली तेव्हा आत माशा फडफडताना दिसत होत्या. मुलगा बाजूला उभा होता, त्याने विचारलं की आजोबांचं झाड का टाकतेस. त्याला सांगितलं, बाकीच्या दोघांसाठी. ८ पण काढलं.

आता ३. ग्लासात पंधरा मिनिटं फांदी धरली. धार आली नाही. दोनदा केलं, दुसऱ्यांदा नवीन पाणी घेऊन. फांदी चिरली, आतून स्वच्छ हिरवट-पांढरी आहे. मातीचं म्हणाल तर हो, ३ नंबरला नवीन माती कमी पडली होती, म्हणून गेल्या वर्षीच्या भेंडीच्या कुंडीतली माती घातली. भेंडी तेव्हा खुरटली होती.

आता मुळं उकरायला जाते.

---

साताऱ्याची_लेक | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

मुळांवर गाठी आहेत. मणी ओवल्यासारख्या. फोटो टाकला आहे.

---

कुडाळचं_परसू | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्याला न दिसणारे जंत. भेंडी खुरटली तेव्हाही हेच असणार, भेंडी त्यांना फार आवडते.

खात्रीसाठी एक गोष्ट बघा. भुईमुगाच्या मुळावर ज्या गाठी असतात त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि नखाने सुटतात. त्या चांगल्या असतात, नत्र धरणाऱ्या. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच तिथे सुजलेलं असतं, सोडवायला गेलात तर मूळ तुटतं. तुमच्या फोटोत मूळच सुजलंय. ती मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ऊन चढलं की झाड मान टाकतं.

ताई, तुमच्यासाठी ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे. सूत्रकृमी मुळात राहतात, शेंड्यात नाहीत. विषाणूची पानंही ३ वर दिसत नाहीत. म्हणजे फांद्या घेऊन नवी झाडं करता येतील. तेच झाड, तेच बाबांचं.

---

एडिसनचं_अंगण | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

मी न्यू जर्सीत राहते. इथे मेच्या मध्यापर्यंत टोमॅटो बाहेर लावता येत नाही आणि ऑक्टोबरमध्ये दंव पडलं की सगळं एका रात्रीत काळं होतं. म्हणून आवडत्या झाडाच्या फांद्या घरात आणून खिडकीत जगवण्याची सवय झाली आहे, दरवर्षी करते. हे मला येतं, नीट सांगते.

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जी फूट येते, बगलफूट, ती घ्या. चार ते सहा इंच लांब, फूल नसलेली. फूल असेल तर खुडा. सकाळी, झाड टवटवीत असताना कापा, कारण दुपारी मलूल झालेली फूट ग्लासातही मलूलच राहते. खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा. गडद रंगाच्या बाटलीत किंवा कागद गुंडाळलेल्या ग्लासात पाणी, फक्त खालचे दोन इंच बुडतील इतकं. पाणी एक दिवसाआड बदला. थेट ऊन नको, खिडकीतला उजेड पुरे. पहिल्या दोन दिवसांत फूट मान टाकेल, घाबरू नका. टोमॅटोच्या खोडावर बारीक पांढरे उंचवटे असतात, तिथूनच मुळं फुटतात. आठ-दहा दिवसांत अर्धा-पाऊण इंच मुळं आली की मातीत लावा, त्याहून लांब वाढू देऊ नका. पाण्यातली मुळं नाजूक असतात, मातीशी जुळवून घेताना मोडतात.

जितक्या फुटी मिळतील तितक्या घ्या. आणि १ नंबरवरूनही दोन घ्या.

---

हिरवा_कोपरा | १५ नोव्हेंबर, सकाळी ११.००

फांदी मातीतच खोचली तर? मी एकदा तसंच केलं होतं, आली होती.

---

एडिसनचं_अंगण | १५ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

येते, आणि मुळंही जास्त मजबूत येतात. पण धुतलेलं कोकोपीट किंवा स्वच्छ वाळू पाहिजे आणि वरून पारदर्शक डबा झाकायला हवा. निम्म्या पाण्यात, निम्म्या वाळूत ठेवा ताई. एक पद्धत फसली तरी दुसरी असेल.

---

निफाडचा_शेतकरी | १५ नोव्हेंबर, रात्री ९.१०

५ आणि ६ राहिलं होतं. बुडाचा काळा डाग ही कीड नाही, बुरशीही नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही की तिथल्या पेशी मरतात. मातीत कॅल्शियम असूनही असं होतं, कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच चढतं. पाणी एक दिवस जास्त, एक दिवस कमी झालं की फळ उपाशी राहतं. त्यात तुम्ही एप्सम दिलंत. एप्सम म्हणजे मॅग्नेशियम, ते मुळाशी कॅल्शियमशीच स्पर्धा करतं. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तरच एप्सम द्यायचं, एरवी नाही. हे लोक सर्रास सांगतात आणि डाग वाढतात.

अंड्याची टरफलं विरघळायला महिने लागतात, या पिकाला उपयोग नाही. डागाळलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत, झाडाची ताकद खातात. कॅल्शियम नायट्रेट लिटरला दोन ग्रॅम, मुळाशी आळवणी, म्हणजे ते पाणी मुळाशी ओतायचं, दर आठ दिवसांनी, तीन वेळा. त्याच पाण्यात एप्सम किंवा दुसरं खत मिसळू नका, साका बसतो. आणि मातीवर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला दोन इंच पसरा. ओल सारखी राहिली की निम्मं काम झालं.

---

कोथरूडची_गच्ची | १५ नोव्हेंबर, रात्री ९.४०

यात माझी भर. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, आणि त्याचा स्वभाव असा की तुम्ही दिलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ते स्वतःकडे धरून ठेवतं. नवं कोकोपीट मी तीन पाण्यांनी धुते, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवते, सकाळी पुन्हा निथळते. तुमच्या बॅगा आता भरलेल्या आहेत, त्यामुळे एकदा भरपूर साधं पाणी घालून खालून वाहून जाऊ द्या, पूर्ण निथळू द्या, मगच निफाडकरांची आळवणी. हे १ नंबरला करू नका, त्याला आधी कोरडं होऊ द्या.

७ बद्दल: चट्ट्यांमध्ये एकात एक गोल वलयं दिसतात का, नेम धरायच्या फळीसारखी? असली तर लवकर येणारा करपा. नसली तर तेलाने भाजलंय. निंबोळी तेल लिटरला ५ मिली पुरे, साबण अगदी थोडा, तोही भांड्याचा नको, रिठ्याचं पाणी उत्तम. आणि कायम संध्याकाळी.

---

साताऱ्याची_लेक | १६ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

वलयं नाहीत. चट्टे फक्त वरच्या, उन्हातल्या पानांवर आहेत. म्हणजे मीच भाजलं. नवीन पालवी स्वच्छ आहे, त्यामुळे ७ ला काही करत नाही.

३ वरून पाच फुटी मिळाल्या, १ वरून दोन. चार पाण्यात, तीन धुतलेल्या वाळूत. पिवळे चिकट सापळे आणले, झाडांच्या शेंड्याच्या उंचीवर बांधले. पहिल्याच संध्याकाळी एका सापळ्यावर तीस-चाळीस माश्या होत्या. त्या मोजताना कळलं की गेला महिनाभर मी पानाच्या खालच्या बाजूला एकदाही पाहिलेलं नव्हतं.

---

अमरावतीचं_भेदरं | १७ नोव्हेंबर, दुपारी २.३०

ताई, तुमचा धागा रोज वाचतोय. आमच्या वऱ्हाडात टोमॅटोला भेदरं म्हणतात आणि जुनी माणसं सांगतात तसं खाचांचं, आंबट भेदरं आता बाजारात दिसतच नाही. ट्रकमध्ये टिकेल असं कडक सालीचंच येतं. तुमचं जगलं पाहिजे.

३ नंबरच्या मातीचं काय करणार? ती दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका. खुरपंही धुवा.

---

कुडाळचं_परसू | १७ नोव्हेंबर, रात्री ८.१५

बरोबर आठवण केलीत. मुळं सगळी वेचून जाळायची. माती पिशवीत बांधून बाजूला ठेवा. एप्रिल-मे मध्ये ओली करून गच्चीवर पातळ थर पसरा, पारदर्शक प्लास्टिकने झाका, कडा दाबून पाच-सहा आठवडे तापू द्या. मग निंबोळी पेंड मिसळा आणि त्यात एक हंगाम फक्त झेंडू लावा. भेंडी, टोमॅटो, वांगी, काकडी लावू नका.

---

साताऱ्याची_लेक | २७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

हकीकत सांगते. पाण्यातल्या चारपैकी तीनना मुळं फुटली, एक सडली. वाळूतल्या तीनपैकी दोन जगल्या. म्हणजे बाबांची पाच नवी झाडं, त्यातली चार ३ नंबरची, एक १ ची. आज धुतलेलं कोकोपीट आणि नवी माती घेऊन लावली. खोड अर्ध्यापर्यंत मातीत गाडलं, एडिसनच्या ताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं होतं की गाडलेल्या खोडालाही मुळं येतात. वरून जुन्या पांढऱ्या मच्छरदाणीचा तंबू केला, माशी आत जाऊ नये म्हणून.

३ नंबर शेवटी उपटलं. मुळं फोटोपेक्षा वाईट होती, बोटाएवढ्या गाठी.

१ ला सहा दिवस पाणी दिलं नाही. सातव्या दिवशी शेंड्याला नवीन पान आलं, सपाट, हिरवंगार. आता तीन दिवसांनी एकदा देते, बोट घालून बघून. त्यावर फुलांचे दोन घोस आहेत.

५ आणि ६ ची नवी फळं अजून बारीक आहेत, काही सांगता येत नाही.

---

निफाडचा_शेतकरी | २८ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

मच्छरदाणीचं भोक माशीपेक्षा मोठं असतं, हे लक्षात ठेवा. रोपवाटिकेत आम्ही ४०-५० मेशची, म्हणजे खूप बारीक भोकांची नायलॉन जाळी लावतो. मच्छरदाणी दुहेरी केलीत तर बरं. एक महिना सांभाळा, लहानपणी विषाणू आला तर झाड काहीच देत नाही. मोठेपणी आला तर निदान थोडी फळं मिळतात.

१ ची फुलं सकाळी दहा-अकराच्या सुमारास टिचकीने हलवा. टोमॅटोच्या फुलात परागकण आतच असतात, हलले की पडतात. गच्चीवर वारा असला तरी हलवा. डिसेंबरात रात्री फार गार पडल्या तर फुलं गळतील, तेव्हा औषध शोधू नका, थंडी कमी झाली की धरतात.

---

हिरवा_कोपरा | २८ नोव्हेंबर, सकाळी ८.००

माझ्या मिरचीला मी इमिडा मारलं तेव्हा तिला फुलकिडे होते, व्हायरस नव्हता. काल फोटो परत काढून पाहिले. इथे पहिल्याच दिवशी चुकीचा सल्ला दिला, माफ करा ताई.

---

साताऱ्याची_लेक | २८ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

अहो माफी कसली. घाईत तुम्हीच सर्वात आधी धावून आलात. मीही तेच करणार होते.

जाळी आज दुहेरी करते.

---

साताऱ्याची_लेक | २२ डिसेंबर, रात्री ९.३०

आठवडाभर रात्री चांगलीच थंडी होती, १ वरची बरीच फुलं गळली. काही केलं नाही. पण त्याआधी धरलेली चार फळं मोठी होत आहेत, खाचा दिसायला लागल्या आहेत. ५ आणि ६ वर अकरा नवी फळं, फक्त एकाला डाग. ४ वर घाटेअळीने एक फळ पोखरलं होतं, देठाजवळ भोक आणि बाहेर विष्ठा. अळी हाताने काढली, फळ फेकलं.

पाच नव्या झाडांपैकी एकाची पानं परवा वाटीसारखी झाली. तेही पिशवी घालून काढलं. या वेळी एक दिवसही थांबले नाही. चार उरली आहेत आणि चारही चांगली आहेत.

---

एडिसनचं_अंगण | २२ डिसेंबर, रात्री ११.५०

इथे बाहेर बर्फ आहे आणि मी तुमच्या फळांचे फोटो पुन्हा पुन्हा बघतेय. पहिलं पिकलेलं फळ खाऊ नका, बियांसाठी ठेवा. बियांचं झाड निवडताना ज्यावर व्हायरस कधीच दिसला नाही तेच घ्या.

---

साताऱ्याची_लेक | १४ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

आज संक्रांत. १ नंबरचं पहिलं फळ पिकलं, झाडावरच पूर्ण लाल होऊ दिलं. दोन्ही हातांत धरून बराच वेळ बसले. तोच वास. देठ तोडल्यावर बोटांना जो हिरवा वास राहतो तो सुद्धा.

ताईंनी सांगितलं तसं बियांसाठी घेतलं. फळ आडवं कापलं, बिया गरासकट वाटीत काढल्या, चमचाभर पाणी घातलं. आता तीन दिवस झाकून ठेवणार, थंडीमुळे एक दिवस जास्त. वर फेस आला आणि बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटलं की धुवायचं, तळाशी बसलेल्या ठेवायच्या, तरंगणाऱ्या टाकायच्या. मग स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवणार. बाबा हे सगळं न करता नुसत्या राखेत घोळवायचे, पण निफाडकर म्हणाले की आवरणावर रोग राहतात, म्हणून आंबवून घेतेय. वाळल्यावर मात्र राखेतच ठेवीन.

उरलेल्या गराचं सार केलं. चार माणसांना एका फळाचं, त्यामुळे प्रत्येकाला अर्धी वाटीच आलं. आई काही बोलली नाही, वाटी पुढे केली, अजून आहे का म्हणून.

---

अमरावतीचं_भेदरं | १४ जानेवारी, रात्री ८.४५

पुढच्या फळांच्या बिया वाळल्या की दहा-बारा मला पाठवाल का? पोस्टाचा खर्च मी देतो. इकडे शेताच्या बांधावर लावीन, तुमच्या गच्चीपासून लांब. एका ठिकाणी काही झालं तर दुसऱ्या ठिकाणी असतील.

---

कुडाळचं_परसू | १४ जानेवारी, रात्री ९.०५

मलाही. मी वांग्याच्या खुंटावर बांधीन, मग कोकणातही टिकेल.

---

साताऱ्याची_लेक | १५ जानेवारी, सकाळी ७.१५

दोघांनाही पाठवते. पत्ते व्यक्तिगत निरोपात द्या. मुलाने सकाळीच जुन्या वहीच्या कागदाच्या पाच पुड्या करून ठेवल्या आहेत. एक निफाडला, एक कुडाळला, एक अमरावतीला, एक आईकडे. पाचवीवर त्याने स्वतःचं नाव लिहिलंय.